टीचरचे गट आणि एक रापण

आजच्या या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या गावच्या सरपंच अनुजाताई. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आपले केंद्रप्रमुख सिद्धेश सर. शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य. आजच्या सत्कारमूर्ती कोन्सेसांव टीचर आणि त्यांच्या शेजारी कोट घालून घामाघूम बसलेले त्यांचे यजमान आग्नेलबाब. खाजणवाडीतले माझे सर्व पालक, माजी विद्यार्थी, आणि पुढच्या सतरंजीवर बसून आत्तापासूनच भज्यांच्या वासाकडे नाक करून असलेल्या माझ्या बाळांनो,

मी सारिका. आपल्या शाळेतली दुसरी शिक्षिका. शाळेत शिक्षक दोनच असल्यामुळे 'दुसरी' म्हणजे शेवटचीही मीच. मला आयोजकांनी बजावलंय की टीचरांच्या कार्याचा आढावा घ्या, पण थोडक्यात घ्या. आता मला सांगा, ज्या बाईंनी एकच धडा सगळ्या विषयांत शिकवला, त्यांचा आढावा कुठल्या विषयात घ्यायचा?

तो धडा म्हणजे गट. मी सावंतवाडीहून बदली होऊन इथे आले, तेव्हा मला वाटायचं गट म्हणजे गणितातला. दहा काजूबियांचा एक गट, सुट्या उरल्या किती. टीचर मात्र मराठीच्या तासाला शब्दांचे गट करायच्या, तो, ती, ते. परिसर अभ्यासात प्राण्यांचे. खेळाच्या तासाला मुलांचे. आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न: "नियम काय?" गट कुठलाही करा, पण नियम असा हवा की रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसालाही सांगता आला पाहिजे.

एकदा त्यांनी विचारलं, खेकडा कुठल्या गटात? पाण्यातला की जमिनीवरचा? आता पहिलीत असलेल्या केव्हिनच्या मोठ्या बहिणीने, आपल्या वेनेसाने, हात वर करून सांगितलं, "टीचर, कालवणातलो." मी हसले. टीचर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर. खायच्या गोष्टींचा गट. आता त्या गटात आणखी कोण?" त्या दिवशी परिसर अभ्यासाचा तास जेवणाच्या सुट्टीच्या बराच आधी संपवावा लागला. मुलांना भूक आवरेना.

आता मी ज्या गोष्टीकडे वळतेय, ती या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे ती ठाऊक नसल्यासारखी बसलेत. विठोबाकाका कुबल यांनी मला ती सांगायची परवानगी दिलेली आहे. भाई मेथर यांनी दिलेली नाही, पण ते बाहेर जेवणाची व्यवस्था बघतायत, तोवर मी उरकून घेते.

पाहुण्यांसाठी सांगते. खाजणवाडीची रापण एकच होती. होडी अर्धगोल फिरून समुद्रात जाळं सोडते, जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात, आणि दोन रांगा करून अख्खी वाडी ते ओढते. एका नारळी पौर्णिमेला मानाचा नारळ कोणी सोडायचा यावरून विठोबाकाका आणि भाई यांच्यात बोलाचाली झाली. पाळी विठोबाकाकांची होती म्हणतात. भाई म्हणतात, नव्हती. भाईंनी नारळ सोडून टाकला. तो बिचारा पुढच्याच लाटेबरोबर परत किनाऱ्याला आला, पण माणसं काही परत आली नाहीत. वाडी दुभंगली. विठोबाकाकांकडे जुनं जाळं, भाईंनी नवं घेतलं, आणि ओढायला पुरेसे हात दोघांकडेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुलं दोन बाजूंना बसली. मधून एखादी म्हैस आरामात गेली असती एवढी जागा. भाईंचा नातू यतीन आणि विठोबाकाकांची नात वर्षाली, आदल्या आठवड्यापर्यंत एकाच डब्यातून खाणारी ही दोन मुलं, एकमेकांकडे बघेनात. मी लगेच उपदेश सुरू करणार होते, एकजुटीचं बळ वगैरे. टीचरांनी मला हळूच थांबवलं. "सारिका, त्यांनी गट केलेत. करू दे. नियम विचारू या."

नियम विचारायचं काम नेमकं सिद्धेश सरांच्या नशिबी आलं. सर त्याच आठवड्यात भेटीला आले. टीचर म्हणाल्या, "सर, मुलांनी स्वतःहून दोन गट केलेत. नियम ओळखा." सरांना कोडी आवडतात. ते खुर्ची ओढून बसले.

"मुलगे आणि मुली?" नाही. दोन्हीकडे दोन्ही होते.

"उंच आणि बुटके?" नाही.

"गृहपाठ केलेले आणि न केलेले?" दोन्ही बाजूंनी एकदम मान खाली गेली. म्हणजे नाही.

सरांनी चष्मा पुसला. शेवटी यतीन उभा राहिला. "सर, हे आमचे. ते त्यांचे."

"त्यांचे म्हणजे कोणाचे?"

"ते आमच्याशी बोलत नाहीत."

"आणि तुम्ही त्यांच्याशी बोलता?"

"नाही."

सर अगदी निरागसपणे म्हणाले, "मग न बोलणाऱ्यांचा हा एकच गट झाला की! दोन कुठे आहेत?"

वर्षालीने यतीनकडे बघितलं, यतीनने तिच्याकडे. एकाच गटात असल्याचा दोघांनाही भयंकर राग आलेला दिसत होता. सर, आपण त्या दिवशी शेरेबुकात 'अध्यापन समाधानकारक' असं लिहून गेलात. आपल्याला कल्पना नव्हती आपण काय करून गेलात. आम्हालाही नव्हती.

त्यानंतर टीचरांनी गृहपाठ दिला: घरातल्या माणसांचे आणि प्राण्यांचे गट करून आणा. इथे मात्र, टीचर, आपला अंदाज थोडा चुकला.

वर्षालीच्या डोक्यात मराठीचा तास होता. होडी ती, मासळी ती, चूल ती. तिने आईला विचारलं, "मग 'तो' काय करतो गो?" आई म्हणाली, "बघ आपल्याच घरात." तिने बघितलं आणि दोन गट केले. काम करणारे: आई, आजी, बाबा. काम न करणारे: आजोबा आणि मांजर. दुसऱ्या दिवशी मांजराने उंदीर धरला, तेव्हा तिने प्रामाणिकपणे मांजराचं नाव पहिल्या गटात हलवलं. आजोबा एकटे उरले.

तिकडे यतीननेही दोन गट केले. 'हळू बोलणारे' आणि 'भाई'.

सोमवारी प्रार्थना संपते न संपते तोच एका दाराने विठोबाकाका आत आले आणि दुसऱ्या दाराने भाई. एकमेकांना बघून दोघेही क्षणभर थबकले, पण परत फिरायचं तर आधी कोणी फिरायचं?

"टीचर, ह्या पोराक काय शिकवल्यात तुम्ही?" विठोबाकाका म्हणाले. "माका मांजराच्याय खाली टाकल्यान!"

"आणि माका एकट्याकच वेगळो काढल्यान!" भाई म्हणाले. ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, त्यामुळे बाहेर माडावर बसलेले कावळे उडाले. सगळा वर्ग वळून यतीनकडे बघायला लागला. यतीनचा चेहरा 'मी काय खोटं लिहिलं?' असा.

टीचर शांतपणे म्हणाल्या, "तुमची दोघांची तक्रार एकच आहे. एकच अर्ज लिहा, दोघं सह्या करा. मी वर पाठवते."

एकच अर्ज! वर सही कोणाची आणि खाली कोणाची? विठोबाकाकांनी भाईंकडे न बघता सांगितलं की ते खाली सही करणार नाहीत. भाईंनी छताकडे बघून सांगितलं की तेही करणार नाहीत. अर्ज राहिला. पण जाताना दोघेही एकच वाक्य बोलून गेले: "दिवाळीनंतर पोरांचे दाखले नेतलंव."

ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आमचा पट आधीच तोळामासा. एका बाजूची मुलं गेली तरी शाळेला कुलूप लागलं असतं, आणि पहिलीतल्या पोरांना खाडीपलीकडच्या शाळेत होडीने जावं लागलं असतं. त्या संध्याकाळी टीचर शाळेच्या पायरीवर बसून राहिल्या. म्हणाल्या, "मी फार ताणलं काय गो?" मी त्यांच्यासाठी कोरा चहा करून आणला. साखर टाकायला विसरले. त्यांनी तो तसाच प्यायला.

दिवाळीच्या थोडं आधी एका शनिवारी आम्ही मुलांना घेऊन शंख-शिंपले गोळा करायला किनाऱ्यावर गेलो. अर्थात गट करायला. तिथे विठोबाकाकांची रापण पाण्यात होती. तारली मासळी इतकी आत आली होती की पाणी काळं दिसत होतं. एका दोरावर विठोबाकाका आणि त्यांची बरीचशी माणसं, आणि दुसऱ्या दोरावर जेमतेम चार जण. तो दोर हलेना. जाळं वाकडं व्हायला लागलं. थोडं वर, माडाखाली, भाई आपल्या माणसांना घेऊन उभे होते. हाताची घडी घालून, समुद्राशी आपला काही संबंध नसल्यासारखे.

टीचरांनी चपला काढल्या. पदर खोचला. आणि सरळ जाऊन तो दोर धरला.

मी ओरडले, "टीचर, तुमचे गुडघे!" त्यांनी ऐकलं नाही. मुलांना काही सांगावंच लागलं नाही. वर्षाली धावली, वेनेसा धावली, आणि माडाखाली आजोबांच्या शेजारी जाऊन उभा राहिलेला यतीन एकदा त्यांच्याकडे बघून धावला. शिंपले वाळूत सांडले. दोराला मुलंच मुलं लटकली. पण तारलीने भरलेलं जाळं म्हणजे काही काजूबिया नव्हेत. समुद्राने एक हिसका दिला आणि कोन्सेसांव टीचर, आपल्या सेवेच्या अखेरच्या वर्षांत, ओल्या वाळूत बसल्या.

तेव्हा भाई आले. माडाखालून तावातावाने खाली आले. "सोडा तो दोर! तुमका जमाचा नाय!" एवढं बोलून त्यांनी दोर आपल्या कमरेला घेतला. त्यांच्यामागे त्यांची माणसं. दुसऱ्या टोकाकडून विठोबाकाकांनी बघितलं. आम्हाला वाटलं, आता ते दोर टाकून निघून जाणार. ते मोठ्याने ओरडले,

"पाय रोव रे भाई!"

नारळी पौर्णिमेनंतरचे ते पहिले शब्द.

रापण ओढताना दोन रांगा सुरुवातीला लांब असतात. जाळं जवळ येतं तशा त्या एकमेकींकडे सरकत येतात. सरकावंच लागतं, नाहीतर मासळी मधून निघून जाते. त्या सकाळी त्या दोन रांगा सरकत सरकत इतक्या जवळ आल्या की विठोबाकाका आणि भाई खांद्याला खांदा लावून उभे होते. शेवटी विठोबाकाका म्हणाले, "टीचर पडली रे." भाई म्हणाले, "हां. उचलूक व्हयी." मग दोघांनी मिळून टीचरांना उचललं. त्या सबंध वेळात टीचर वाळूत बसून हसत होत्या. रडतही होत्या, पण ते त्यांनी अजून कबूल केलेलं नाही.

दाखले कोणी नेले नाहीत. वाडीची रापण पुन्हा एक आहे. भांडणं रोज होतात, पण बोलून होतात.

आता टीचर निवृत्त होतायत आणि उद्या सकाळी शाळेत मी एकटी असणार. खरं सांगते, मला भीती वाटते. काल कपाट आवरताना मी त्यांना विचारलं, "टीचर, पहिलीतला केव्हिन रोज सकाळी आईसाठी रडतो. तुमच्याजवळ गप्प राहतो. मी काय करू? काय सांगू त्याला?"

त्या म्हणाल्या, "काहीच सांगू नको गो बाय. खाली बस त्याच्या बाजूला. तो आपसूक सरकतो."

टीचर, मी बसेन.

अध्यक्षांनी वेळ दिला, पाहुण्यांनी स्वतःवरचा विनोद सोसला आणि आग्नेलबाबांनी इतकी वर्षं आपली पत्नी आम्हाला उसनी दिली, त्याबद्दल सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचं नको तितकं आलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. भाई दारात येऊन उभे आहेत आणि त्यांच्या हातात झारा आहे, तेव्हा मी इथेच थांबते.