सतरा नंबरची केळ

ब्यामुगिशा : ...आणि करारात हेही होतं, नालोंगो, की संशोधन केंद्राने हा नवा वाण नापास केला तर झाडं तोडून, खुंट उपटून टाकायचे. सही तुमचीच आहे.

नालोंगो : माझीच आहे, साहेब. सही केली तेव्हा रोप कोपराएवढं होतं. आता घड बघा, टेकू लावला तरी वाकलीय केळ. हिला नापास करणाऱ्यांना जीभ होती का, तेवढं सांगा.

ब्यामुगिशा : जीभ होती म्हणूनच नापास केली. केंद्रावर चव बघायला माणसं बसवली होती. सगळ्यांचं एकच मत पडलं. टणक, पांढरट, घशाखाली उतरत नाही.

नाबुकेन्या : गार झालं होतं ते.

ब्यामुगिशा : डॉक्टर, पुन्हा तेच?

नाबुकेन्या : तुम्ही ऐकेपर्यंत तेच. नालोंगो, तुम्हीच निवाडा करा. हिच्या कच्च्या केळांचं मटोके केलं, म्हणजे सोलून पानांत गुंडाळून वाफवलं, पानांवरूनच दाबून मऊ केलं, परत वाफेवर ठेवलं. मी स्वतः पान उघडून पाहिलं. पिवळंधमक. ताटात वाढलं, आणि कंपालाहून आलेले पाहुणे बोलायला उभे राहिले.

नालोंगो : मग झालं. पाहुणा बोलत असताना घास कोण उचलणार?

नाबुकेन्या : कोणीच नाही. पाहुणे बोलले, मग संचालकांनी त्यांचे आभार मानले, मग पाहुण्यांनी त्या आभारांचे आभार मानले. तोवर ताटात वीट झाली.

नालोंगो : गार झालं की जुन्या केळीचं मटोकेही वीटच होतं. ते नाही का नापास झालं?

नाबुकेन्या : जुन्या केळीचं स्वयंपाकिणीने चुलीवर राखून ठेवलं होतं, मोठ्या लोकांचं जेवण म्हणून. भाषणं संपल्यावर गरमागरम वाढलं. एका ताटात वीट, दुसऱ्यात लोणी. आणि म्हणे तुलना करा.

ब्यामुगिशा : पाहुण्यांना मधेच थांबवणार कोण? तुम्ही थांबवलंत?

नाबुकेन्या : थांबवलं. उभी राहिले आणि म्हणाले, आधी जेवून घेऊ. संचालकांनी असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्याच ताटातला घास उचललाय.

नालोंगो : मग बसलीस खाली?

नाबुकेन्या : नाही. शेवटच्या आभारापर्यंत उभीच होते.

ब्यामुगिशा : म्हणूनच त्यांच्या डोळ्यांत खुपता तुम्ही. आज झाडं तुटली नाहीत तर हे काम दुसऱ्या कोणाला देतील. तुम्ही गप्प बसा आणि मला सांगितलेलं करू द्या, त्यात तुमचंच भलं आहे.

नालोंगो : साहेब, तुम्ही गायींच्या मुलखातले. तुमची गाय आटली तर शेजारची दुभती असते. आमच्या टेकडीवर करपा आला तेव्हा पानं अशी वाळली, जसं कोणी जाळ लावून गेलं. माझी बाग गेली, खालच्या आळीची गेली. आम्ही मक्याचा गोळा खायचो आणि कोणी विचारलं तर म्हणायचो, जेवलो नाही अजून. मटोके नाही तर जेवलो म्हणायची लाज वाटायची. मग ही डॉक्टर पोरगी ह्या सतरा नंबरच्या वाणाचे मुनवे, बुंध्याशी फुटणारी पिल्लं, घेऊन आली.

ब्यामुगिशा : ह्या केळीचा बाप कोण आहे ते सांगितलं का तुमच्या पोरीने? रानकेळ. आत नुसत्या दगडासारख्या बिया.

नालोंगो : पहिल्याच दिवशी सांगितलं. माझाही नवरा रानटीच होता. पोरं नीट निघाली.

नाबुकेन्या : त्या बापाकडूनच करप्याशी झुंजायची ताकद आलीय. आपल्या खायच्या केळीला बी धरत नाही, म्हणून संकर करायला कोणी हात घालत नव्हतं. पहाटे शिडीवर चढून फुलाफुलाला पराग लावायचा आणि घड पिकला की चिरडून बी शोधायचं. टोपल्याच्या टोपल्या चिरडल्या की एखादं सापडायचं, तेही काचेच्या नळीत जपावं लागायचं. इतकं करून हाती आलेली ही एक केळ. आणि ती भाषणात गार झाली म्हणून मेली?

ब्यामुगिशा : माझ्या हातात काही नाही. चला रे, टोकापासून सुरुवात करा.

(तिघा मजुरांतला थोरला टोकाच्या केळीपाशी जातो, वाकून बुंधा बघतो आणि कोयता जमिनीवर ठेवून मागे येतो. बाकीचे दोघेही कोयते ठेवतात.)

ब्यामुगिशा : आता काय झालं ह्यांना?

नालोंगो : बुंध्याला झाडाच्या सालीपासून केलेल्या कापडाची पट्टी दिसली त्यांना. माझी नात जन्मली, तिची वार पुरलीय तिथे. घड पिकून मी, म्हणजे बापाची आई, तो खाईपर्यंत त्या केळीला लोखंड लागत नाही. ही पोरं इथलीच आहेत, त्यांना सांगावं लागत नाही.

ब्यामुगिशा : आम्ही येणार म्हणून मुद्दाम पुरलीत?

नालोंगो : जन्माला यायच्या आधी नातीने तुमच्या केंद्राला विचारायला हवं होतं. साहेब, वार कुठेही पुरत नाहीत. जी केळ पोरीला पोसेल, तिच्याखाली पुरतात. कोपऱ्यात जुनी एक उभी आहे, माझ्या सासूने लावलेली, करपून गेलेली. तिथे नाही पुरली मी.

ब्यामुगिशा : बरं. ती एक सोडा. बाकीच्या?

नालोंगो : बाकीच्या टेकडीभर आहेत. कोणी मुनवा मागितला तर नाही म्हणायचं नसतं, तुमचा करार काही म्हणो. सगळ्या शोधायच्या तर दारोदार हिंडावं लागेल. आणि कुठल्या दारी कोणाची वार निघेल, मी कसं सांगू?

ब्यामुगिशा : ...डॉक्टर, ऐका. मी केंद्रावर सांगतो, तोडली. तुम्ही फक्त मान हलवायची. केळी राहतील, नालोंगो खातील, तुमचं कामही राहील. कोण येतंय बघायला?

नालोंगो : शहाणा माणूस आहे. हलव गं मान. मान हलवायला काही पैसे पडत नाहीत.

नाबुकेन्या : नाही हलवणार.

नालोंगो : पोरी, माझी बाग वाचतेय.

नाबुकेन्या : तुमची वाचतेय. पलीकडच्या जिल्ह्यातली करपतेय, तिचं काय? तोडली म्हणून सांगितलं की सतरा नंबर मेली. मग केंद्राकडे ती कोण मागणार, आणि केंद्र देणार काय? चोरून वाढवायला नाही केली मी ती.

ब्यामुगिशा : मग काय सांगू त्यांना?

नाबुकेन्या : सांगा, केळी उभ्या आहेत. नाबुकेन्याने तोडू दिल्या नाहीत. चव पुन्हा बघायची असेल तर चुलीपाशी बसून बघा, आणि दोन्ही ताटं एकाच वेळी वाढा.

ब्यामुगिशा : हे असंच सांगू?

नाबुकेन्या : असंच. संचालकांना सौम्य करून सांगू नका.

नालोंगो : आणि माझंही नाव घाला.

नाबुकेन्या : तुमचं कशाला, नालोंगो?

नालोंगो : बाग माझी, नात माझी, आणि नाव तेवढं तुझं? जुळ्यांची आई आहे मी. एकटीला काही मिळू देत नसते.

ब्यामुगिशा : ठीक. दोघींची नावं. माझा दिवस गेला, ह्या तिघांची मजुरीही गेली.

नालोंगो : जाते कशाला? खालच्या आळीतल्या विधवेला मुनवे कबूल केलेत मी. तिच्याकडे खड्डे खणायला माणूस नाही. तुमच्या गाडीत कुदळी दिसतायत.

ब्यामुगिशा : त्या खुंट उपटायला आणल्या होत्या.

नालोंगो : कुदळीला काय कळतंय?

ब्यामुगिशा : ...किती खोल लागतात खड्डे?

नाबुकेन्या : गुडघाभर. पण तुम्ही उंच आहात. ह्या थोरल्याच्या गुडघ्याने मोजा.