वीतभर उघडं दार

तृप्ती : कुलूप नाही लागत, दादा! बंद दाबते तं लाल बत्ती येते. परत दाबते, परत लाल. मोबाईलवर लिहून येते, ‘मालकाचा हुकूम चालू आहे’. हे कोणं लिहिलं?

भूपेंद्र : मी.

(धानाच्या रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांतली दुपार. कारध्याच्या घरात भूपेंद्र लॅपटॉपसमोर बसलेला, फोन स्पीकरवर. दारात त्याचे वडील मारोतराव, बांधीतून म्हणजे भातखाचरातून आलेले, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. फोनवर धाकटी बहीण तृप्ती. अड्याळला, नवऱ्याच्या घरी, धानाच्या कोठीत.)

मारोतराव : काय झालं? मले बांधीतून काहून बलावलं? कोणाशी बोलून राहिला तू?

भूपेंद्र : तृप्ती आहे. मनिषभाऊजीनं मारलं तिले. ती कोठीत घुसली अन् दार लावलं. त्यानं मोबाईलवरून कुलूप उघडलं. आता तिच्याकून बंद होऊन नाही राहिलं.

मारोतराव : तं आतून कडी लाव म्हणा ना!

तृप्ती : कडी कुठची, बाबा? तुमच्या पोरानं मागच्या वर्षीच काढून नेली. ‘आता कड्या कोण लावते, तृप्ती? आता दारं मोबाईलवर चालतेत.’ कडीच्या जागी चार भोकं आहेत. त्याच्यातून त्याची बनियान दिसून राहिली मले.

भूपेंद्र : दाराले काय लावलं तू?

तृप्ती : धानाचे कट्टे. चार भरलेले पोते. पाचवा नाही उचलत, डावा हात वरतं होऊनच नाही राहिला. फवारणीच्या पंपाची नळी घेतली होती त्यानं, पितळेची. आधी हातावर मारली, मंग डोक्यात. कानातून काहीतरी येऊन राहिलं. घाम आहे का रक्त आहे, अंधारात समजत नाही.

मारोतराव : गाडीची चाबी कुठी हाये? विळा कुठी हाये? निंघतो मी!

भूपेंद्र : अर्धा तास लागते, बाबा. अर्ध्या तासात तो दार फोडते. एकशे बाराले फोन केला, पोलिसाची गाडी निघाली तिकडून. तवर जे होईन ते इथूनच होईन.

मारोतराव : मोहल्ल्यात कोणी नाई का? शेजारच्या शकुनबाईले आवाज दे ना वं!

तृप्ती : गळा फाटेस्तोवर देला. सारा मोहल्ला रोवण्याले गेला, बाबा. कुत्रंही नाही घरी.

मारोतराव : पण झालं काय असं? काहून मारलं त्यानं?

तृप्ती : हे पाहा. पह्यला सवाल हाच.

भूपेंद्र : बाबा, ते आता कायले इचारता?

तृप्ती : इचारू दे. सांगते. अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली. फार्म भराले गेली होती मागच्या दारानं, अर्ध्या तासात परत आली. तो घराले लागूनच्या दुकानात बसून होता. त्याच्या मोबाईलवर गेलं, ‘मागचं दार उघडलं, सव्वाबारा. मागचं दार उघडलं, पावणेएक.’ तुही मशीन लय इमानदार आहे, दादा. एक मिनिट इकडचं तिकडं नाही करत.

मारोतराव : अरे, तू बनवलं ना हे सारं? मंग इथून लाव ना कुलूप! बसला काय त्या पेटीकडे पाहत?

भूपेंद्र : माह्याकूनही नाही लागत. दाराले सोताचं डोकं नाही, बाबा. ते माह्या प्रोग्रामले इचारते, कोणाचं आयकू? कोणत्या घरात कोणतं दार, कोणाच्या मोबाईलनं उघडाचं, कोणाचं आधी मानाचं, ही सारी मांडणी याच्यात राहते. अन् मालकानं एकदा हुकूम केला का दहा मिनिटं दुसऱ्या कोणाचंच चालत नाही. माह्यंही नाही. मी मुद्दामच तसं केलं. गिऱ्हाइकाले भरोसा पाहिजे ना, का बनवणारा आपल्या घरात हात घालत नाही म्हणून.

मारोतराव : तं तिलेच मालक करून टाक!

भूपेंद्र : मालक बदलाले मालकाचीच परवानगी लागते.

मारोतराव : असं कसं बनवलं रे, पोट्ट्या? अक्कल कुठी ठेवली होती?

भूपेंद्र : मी दोघांचंही नाव टाकलं होतं! मालक मनिष, मालक तृप्ती. घरभरणीच्या दिवशी भाऊजी ताटावरून उठाले लागले, आठवते? ‘बायकोच्या मोबाईलनं माह्यं दार बंद होते, हे काय नाटक आहे?’ तुम्ही माह्याकडे पाहिलं. डोळ्यानंच सांगतलं. मी तिथंच पंगतीत मोबाईल काढला, तिचं नाव मालकातून उचललं अन् पाहुण्यात टाकलं. मंग जवाईनं घास घेतला.

मारोतराव : जवाई रुसला होता रे. चार सोयरे बसले होते. तवा काय करतो मी?

तृप्ती : मी वाढून राहिली होती तवा. भाजीचं गंज हातात होतं माह्या. मले तं कोणं सांगतलंच नाही.

भूपेंद्र : तृप्ती, मी…

तृप्ती : सब्बल! दादा, लोखंडाची सब्बल आणली त्यानं दुकानातून! दाराच्या फटीत घालून राहिला! कट्टे सरकले!

भूपेंद्र : पाठ लाव कट्ट्याले. पाय समोरच्या भिंतीले टेकव. पोहोचतेत का?

तृप्ती : पोहोचतेत.

भूपेंद्र : तशीच राह्य. मी मांडणी नाही, आता प्रोग्रामच बदलतो. ती मालकाची अटच काढून टाकतो. बाबा, भाऊजीले फोन लावा.

मारोतराव : त्याले? त्याचा मी गळा दाबीन, फोन कायले लावू?

भूपेंद्र : फोन कानाले लागला तं सब्बल एकाच हातात राहीन. गुंतवा त्याले. नेहमी बोलता तसंच बोला.

तृप्ती : तुमचा फोन घेते तो, बाबा. तुम्ही त्याचंच आयकून घेता ना.

मारोतराव : …हॅलो. जवाईबुवा? हो, मीच, मारोतराव. हो… हो, समजलं मले सारं. नाई नाई, तिची बाजू नाई घेत मी. चूक तिचीच हाये. बिना इचारता बाईच्या जातीनं दाराबाहेर पाय टाकाचाच कायले? … हो. तुमचा हक हाये, तुमच्या घरात तुम्ही काईही… नाई, जवाईबुवा, जिवानं मारतो असं म्हणू नका. आयका माह्यं. मी येतो अन् समजावून सांगतो तिले. पोळ्याले समजावलं होतं ना, तसंच.

तृप्ती : दादा, बाबा खोटंच बोलून राहिले ना?

भूपेंद्र : खोटंच. त्याले थांबवाले.

तृप्ती : पोळ्यालेही हेच बोलले होते. शब्दन् शब्द. गालावर वळ होते माह्या, अन् मले मोटारसायकलवर बसवून सोताच आणून सोडलं होतं इथं.

भूपेंद्र : जोर कमी करू नको. पाय टेकलेलेच ठेव. अट खोडली मी, आता प्रोग्राम परत बनवतो.

तृप्ती : मी कोठीत आज पह्यलांदा नाही आली, दादा.

भूपेंद्र : माहीत आहे.

तृप्ती : तुले कसं माहीत?

भूपेंद्र : नोंदी येतेत माह्याकडे. कोठीचं दार या महिन्यात अकरा वेळा आतून बंद झालं. मी पाहिलं होतं. मले वाटलं, उंदरं येत असतीन धानात, म्हणून लावत असशीन.

तृप्ती : उंदरं.

भूपेंद्र : …अरे! नाही, नाही, नाही!

मारोतराव : काय झालं? अन् जवाईबुवा, लाईनवरच राहा जराशे, हे पोट्टं वरडून राहिलं इथं… काय झालं रे?

भूपेंद्र : बनून नाही राहिला! प्रोग्राम ज्या गो भाषेत लिहिला, तिच्यात एखादं नाव वरतं लिहून ठेवलं अन् खाली कुठीच कामाले नाही लावलं, तं ते प्रोग्राम बनूच देत नाही. मी अट खोडली, पण वरच्या ओळीत ‘मालक’ तसाच राहून गेला.

मारोतराव : तं तोही खोड! इचारतो काय मले?

भूपेंद्र : खोडला. परत बनवतो. …बनला. बनला, बाबा! सर्व्हरवर टाकून राहिलो. बोलणं तोडू नका.

मारोतराव : हो, जवाईबुवा, आयकून राहिलो. तुमच्यावाणी जवाई… तुमच्यावाणी जवाई भाग्यानं भेटते. तिले किंमत नाई. …जवाईबुवा? बोला ना? …खिशात टाकला त्यानं फोन. तोडला नाई, नुसता खरखर आवाज येऊन राहिला.

तृप्ती : दोन्ही हातानं लावली सब्बल! कट्टा फुटला! धान सांडून राहिलं पायाखाली, पाय घसरतेत माहे! वीतभर उघडलं, दादा! हात आत आला… केस! केस धरले माहे!

मारोतराव : सोडा! जवाईबुवा, सोडा तिले! आयकू येऊन राहिलं का? मनिष! सोड रे हरामखोरा! सोड माह्या पोरीले!

भूपेंद्र : वीस सेकंद, तृप्ती! तुह्या घरातली मशीन नवा प्रोग्राम घेऊन राहिली.

तृप्ती : डोकं आपटून राहिला तो! दारावर! दादा!

भूपेंद्र : आयक. आयक माह्यं! आता तुह्या बटनानं कुलूप लागन. पण दार चौकटीले टेकलं पाहिजे. फट राहिली तं काहीच फायदा नाही. उलटी फीर अन् दार ढकल.

तृप्ती : कसं ढकलू? त्याची बोटं आहेत चौकटीत! एका हातानं केस धरले, दुसऱ्या हाताची बोटं चौकटीत आहेत!

भूपेंद्र : …ढकल.

तृप्ती : तुटतीन, दादा.

भूपेंद्र : तृप्ती, ढकल ना!

तृप्ती : तू नको सांगू. बाबा काय म्हणतेत? बाबा! लवकर सांगा, काय करू मी?

मारोतराव : ढकल, पोरी. पाय लावून ढकल. तुटले तं तुटू दे.

तृप्ती : आई वंऽऽ!

मारोतराव : बोंबलला! माह्या कानात बोंबलून राहिला तो! हाड मोडलं, मले आयकू आलं! अजून ढकल! थांबू नको! साऱ्या हाताचा भुगा कर त्याच्या! कर!

भूपेंद्र : बाबा, बास!

मारोतराव : बास कायले? तिले मार खाताना दोन वर्षं झाले, तवा कोणं बास म्हणलं? मी म्हणलो? ढकल वं!

तृप्ती : निघाला. हात निघाला. केस सुटले. मुठीत घेऊन गेला काही. …दार टेकलं.

भूपेंद्र : दाब! बंद दाब!

तृप्ती : दाबलं.

भूपेंद्र : आवाज आला का?

तृप्ती : आला. टक झालं. हिरवी बत्ती आली, दादा.

भूपेंद्र : …बस आता. खाली बस. सब्बलीनं मारू दे त्याले, ते कुलूप असं नाही तुटत.

तृप्ती : तो मोबाईल काढून राहिला खिशातून. डाव्या हातानं. बटन दाबून राहिला. परत. परत दाबून राहिला.

भूपेंद्र : दाबू दे. अटीसंगं त्याचं नावही काढलं मी, दार आता त्याचं आयकत नाही. समोरचं नाही, मागचं नाही, दुकानातलंही नाही. सारे लावून टाकले, अंदरच राहते आता तो.

मारोतराव : थांबा, फोनवर बोलून राहिला तो माह्याशी. …हो, आयकून राहिलो. …बोटं लोंबून राहिले म्हणते. पोरीनं तुमच्या मले अपंग केलं म्हणते. सासरेबुवा, या अन् समजावा तिले, म्हणते.

भूपेंद्र : ठेवा तो फोन, बाबा.

मारोतराव : ठेवतो. एक सांगून ठेवतो. …मनिष, मी येऊन राहिलो. पण समजावाले नाई. तिले समजावाचं काम मी सोडलं आजपासून. मी आलो तवा तू पोलिसाच्या हाती नसला, तं विळा हाये माह्यापाशी. …ठेवला.

भूपेंद्र : विळा इथंच राहू द्या. पोलिसासमोर भलतंच होऊन बसन.

मारोतराव : पोरी? आयकून राहिली का वं?

तृप्ती : आयकून राहिली.

मारोतराव : पोळ्याले मी तुले… मोटारसायकलवर तू मागं बसून रडत होती. मले आयकू येत होतं. मी गाडी नाई थांबवली. मले वाटलं, दोन दिवसात होते सारं बरोबर.

तृप्ती : मले आता नका सांगू, बाबा. माह्या कानात सूं सूं आवाज होऊन राहिला. अर्धं आयकूच नाही येत.

मारोतराव : बरं, बाई. निंघतो मी.

भूपेंद्र : तो काय करून राहिला आता?

तृप्ती : भिंतीले टेकून बसला. हात मांडीत घेऊन. लेकरावाणी रडून राहिला. आईले हाका मारून राहिला.

भूपेंद्र : नको पाहू तिकडे.

तृप्ती : पाहू दे. मी अशी रडली का उठून पाणी प्याले जाये तो. …दादा, गाडीचा आवाज आला. कोणीतरी समोरचं दार ठोकून राहिलं. बाईचा आवाज आहे एक.

भूपेंद्र : पोलीस आहेत. समोरचं दार उघडतो मी. हं, उघडलं. आले का अंदर?

तृप्ती : आले. त्याले धरलं. सब्बल घेतली त्याच्याजवळची. तो म्हणून राहिला, का मी मालक आहे या घराचा, माह्यं आयका आधी. बाई म्हणते, हो, गाडीत बसून सांग. …नेलं त्याले बाहेर. आता ती बाई इकडे आली. माह्या दाराशी उभी आहे. हळूच वाजवून राहिली.

भूपेंद्र : उघडू का तुह्यं दार?

तृप्ती : थांब. आधी मले उभी राहू दे.