दोन खांद्यांचा कोट

...आणि वर ते डॉक्टर मलाच विचारतात, "उपचार एकेकट्यानं घेणार की जोडीनं?" आता तुम्हीच सांगा, हा काय प्रश्न झाला? वीस वर्षं एकच दुकान, मी कापड बेतायचं, हिनं शिवायचं, संध्याकाळी शटर ओढलं की एका बाटलीतून दोघांचे दोन ग्लास... पिताना जोडीनं, मग सोडताना एकेकट्यानं कशाला? डॉक्टर नाकातून म्हणाले, "बघा हं, एक घसरला की दुसऱ्यालाही घेऊन पडतो." म्हटलं, आम्ही शिंपी, माप घेतल्याशिवाय बोलत नाही. घेतलं कुठलं माप... एकट्यानं जायला हवं होतं, तुम्हाला सांगतो.

व्यसनमुक्ती केंद्रात आत जाताना झडती. रखवालदारानं माझ्या कोटाचे खिसे उलटे केले, बाह्या चाचपल्या, "जा काका." त्याला काय कळणार? खांद्याच्या पॅडमधला कापूस काढून मी तिथे चपटी बाटली शिवली होती, अडीअडचणीला म्हणून. आणि एकाच खांद्यात ठेवली तर कोट वाकडा बसतो ना, म्हणून दुसऱ्या खांद्यातही एक! अहो, चोरी करतानासुद्धा फिटिंग बघणारा माणूस मी, हसताय काय?

अकराव्या दिवशी हिनं सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवला. हात थरथरला नाही. कित्येक वर्षांनी. मला म्हणाली, "अहो, बघितलंत?" आणि त्या आनंदात माझ्याच कोटाचं सैल बटण लावायला घेतलं... खांद्यापाशी बोटं थांबली. "हा टाका घाईत घातलाय तुम्ही." ओरडली असती तर वाचलो असतो हो. पण तिनं दुसरा खांदा चाचपला, "दोन आहेत?" मी म्हटलं, एकीनं खांदा झुकतो गं. ती हसली. त्या हसण्यानंच घात केला. दोन्ही बाटल्या संपल्या, दुसऱ्या दिवशी दोघं बाहेर. अकरा दिवस तिचे, घालवले मी. एकट्यानं जायला हवं होतं.

मग ती परत गेली. एकटी. मीही आता उपचाराला दुसरीकडे जातो, एकटाच. चार महिने झाले, तिनं भेटू दिलेलं नाही. मेहुणी सांगत होती, तिथं तिला यादी करायला लावली, काय काय सोडायचं. तिनं दोनच गोष्टी लिहिल्या. दारू आणि मी. दारू सुटली म्हणे. माझं विचारलं तर म्हणाली, "वेळ लागतोय."

आता ती लवकर पूर्ण बरी होवो, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? म्हणतो तरी रोज.