गुरुवारचा पेपर

वरचा गठ्ठा नको जीवनशेठ, खालचा सोडा. मागल्या महिन्यातला बारा तारखेचा पाहिजे, गुरुवारचा — भिवंडीत तुमच्याएवढी रद्दी दुसऱ्या कुणाकडे न्हाय. बातम्या न्हाय वाचायच्या मला. शब्दकोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी छापतात ना, तेवढं बघायचंय. आमच्याकडे त्या दिवशी पेपर घेतला न्हाय — सुतक होतं. बुधवारी संध्याकाळी राहीबाई गेली. घरवाली माझी.

हे तिचं बुधवारचं कोडं. ती सातवी, मी दुसरी — दिघाशीत तेव्हा कोण शिकवतंय. पण बुद्धिबळात मला हरवणारा गावात न्हाय, विचारा कुणालाही. म्हणून कोड्यात बुद्धिबळाचं आलं की मला विचारायची. बाकीचं तिचं तिला यायचं. त्या सकाळी ओट्यावर केसरीनाथबरोबर माझा डाव रंगलेला, ही दारात पेन्सिल घेऊन — अहो, राजावर हल्ला, दोन अक्षरी. मी मान वर न करता म्हटलं, मात. ती म्हणाली, नक्की ना? केसरीनाथ हसला — वहिनी, उस्तादाची परीक्षा घेता होय? मग मी बोललो. तुला काय कळतं त्यातलं, लिही गप.

तिनं लिहिलं. हे बघा — मा, त. आता त धरून खाली तीन घरं. पिवळं मूळ, जखमेवर लावतात. चूल पेटवणारी कुठलीही बाई सांगेल. खालची दोन घरं रिकामी हायेत. आणि इथं कडेला बघा, बारीक अक्षरात — हळद. तिला माहीत होतं, शेठ. पेन्सिलीच्या टोकालाच रबर होतं. खोडलं न्हाय. दुपारपर्यंत कोडं मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं, झालं का? तर म्हणाली, अडलंय जरा.

मला फरक कळत न्हाय असं समजू नका. शह वेगळा, मात वेगळी — कालचं पोरगंही सांगेल. पण पेपरवालेही चुकतात कधी. हळदीला त-वरनं दुसरं नाव असेल, आपल्याला ठाऊक नसेल. म्हणून म्हटलं, छापलेलं बघू.

हां, हाच. चष्मा न्हाय आणला मी, तुम्हीच वाचा. आडवे शब्द, सात नंबर.

…

बरं.

उभे नका वाचू. बांधा तो गठ्ठा.