नॉर्वे राहिलं, तर राहू दे

शालनवहिनी, सकाळी चार घास पोटात गेले का? संजू, विमानात सुजलेले पाय उतरले का रे? तात्या, गुडघा काय म्हणतोय? खुर्चीवर बसा. सतरंजीवर बसलात तर उठवायला दोघं लागतील.

मंडळी, एकेकाची विचारपूस करतोय, कारण मुद्द्यावर यायला जीभ वळत नाही. आमचा वसंता गेला. रंकाळ्यावरनं रोज सकाळी आमची सायकलवाली मंडळी निघायची, त्यातला सगळ्यात पुढचा गडी गेला. दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, वसंताला एकच वेड. तिकडं युरोपात समुद्राच्या काठाकाठानं सायकलचा रस्ता आहे, देशामागून देश ओलांडत जातो. हॉलंडात लेकाच्या, आपल्या संजूच्या घरून निघायचं, समुद्र डाव्या हाताला धरायचा आणि जर्मनी, डेन्मार्क करत नॉर्वे गाठायचं. गगनबावड्याचा घाट चढून चढून त्यानं तयारी केली. गेल्या उन्हाळ्यात गेला. मुक्कामाला टेकला की मला मेसेज, "पोचलो." एकदा तर फोनच केला, "दत्तू, हितं चढ न्हाय बघ. पण वारं असलं हाय, की उतारालाबी पायडल मारावं लागतंय!"

डेन्मार्कात छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, सायकल बंद. संजू जाऊन घेऊन आला. नॉर्वे राहिलं.

परत आला, पण गप्प झाला. चहाच्या गाडीवर कुणीतरी हटकायचंच, "काय वसंतराव, नॉर्वे राहिलं न्हवं?" हा हसायचा आणि अर्धा कप तसाच खाली ठेवायचा. तो गेल्यावर मला एकच घोर लागला. हा माणूस हळहळत तर गेला नाही ना?

काल रक्षाविसर्जनाला तोच घोर सगळ्यांपुढं आला. पंचगंगेकाठी घास ठेवला, आणि कावळा शिवेना. आपली रीत तुम्हाला माहीत आहे. गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून शब्द द्यायचा. संजू म्हणाला, "आबा, आईला एकटं ठेवणार न्हाय." कावळा फांदीवरच. मग तात्या पुढं झाले, छाती काढून म्हणाले, "वसंता, काळजी सोड! नॉर्वे आम्ही पुरं करतो!" कावळ्यानं तात्यांचा गुडघा बघितला असणार. त्यानं पाठच फिरवली.

मग वहिनी उठल्या. पदर सावरला आणि घरात बोलतात तशा बोलल्या, "अवो, राहिलं तर राहू द्या की ते नॉर्वे. तुमी घरला आलासा, मला तेवढंच पायजे हुतं. तुमास्नी सांगायचं राहूनच गेलं बघा."

कावळा खाली आला. शिवला.

कावळ्याला काय कळतं, काय नाही, मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. पण मंडळी, काल तिथं सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. वहिनी तर रडता रडता हसल्या. मी घरी जाऊन पोटभर भाकरी खाल्ली. तो गेल्यापासून पहिल्यांदाच.

आता क्षणभर उभं राहूया, शांतपणे. तात्या, तुम्ही बसूनच.

वसंता, राम राम गड्या. मुक्कामाला टेकलास की नेहमीसारखं कळव. लवकर कळव, मी वाट बघतोय.