पायानं ढकललेली भिंत

मंडळी, अन् काकाजीच्या घरचे सारे, तुमाले माहा नमस्कार. बोलाले उभी झाली खरी. मले भिंत चढवाची सवय हाये, माईकची नाही.

मी सुमन. गनपत काकाजीच्या हाताखाली पंधरा वर्स रेजा होती. डोक्यावर विटा वाहाची. तुमसरच्या आजूबाजूले किती घरं बांधले त्याईनं! एक दिवस म्हनलं, "काकाजी, मले बी थापी धरू द्या जी." बाकीचे मिस्त्री हासले. काकाजी नाही हासले. म्हनले, "आधी विटा भिजव."

मी भिजवल्या का? नाही. घाई झाल्ती ना मले! कोरड्याच लावल्या. वरून सांध्यावर सांधा आनला. कमरेएवढी भिंत झाली, मी लय खूश. काकाजी आले, पाय लावला, ढकलली. पडली! साऱ्याईसमोर. मले रडूच आलं. "काहून पाडली जी?"

म्हनले, "कोरडी वीट सिमेंटचं पानी पिऊन टाकते. मंग ते धरत नाही. अन् खालचा सांधा वरच्या विटेच्या मधोमध आला पायजे. नाहीतर भिंत उभी चिरते. चल, उचल."

दोरी बांधाची, ओळंबा सोडाचा, दर थर पाहाचा. सारं त्याईनंच शिकवलं. अन् माही भिंत झाली का पायानं ढकलून पाहाचे. पडली नाही तरी "बरी हाये" म्हनाचे नाही. हाक माराचे तेबी "ओ रेजा!" लय लागे मले ते. आज खरं सांगून राहिली.

मागच्या महिन्यात त्याईच्याच सैपाकखोलीची भिंत मी बांधली. काकाजी बिमार, खाटेवर. तरी काठी टेकत आले. पाय उचलला. पायात जोरच नोता. मीच त्याईले धरलं. त्याईनं पाय भिंतीले लावला, अन् तसाच ठेवला. मंग सुनेले हाक मारली, "मिस्त्रीले चा दे."

मी मांगं वळून पाह्यलं, कोन मिस्त्री आला म्हनून. मांगं कोनीच नोतं.

मंडळी, काकाजी सांगाचे, वीट बसवली का तिले हलवाचं नाही, धरू द्याचं. आता काकाजीसाठी उभे व्हा. दोन मिनिट कोनी हलू नका.

काकाजी, राम राम जी. तुमची मिस्त्री उभी हाये.