अण्णांच्या विहिरीचं पाणी

मंडळी, थेट पालीहून, रेवदंड्याहून अण्णा मास्तरांचे जुने विद्यार्थी आलेत. समोर अण्णांच्या पत्नी, आपल्या काकू बसल्यात. आणि बोलायला उभं कुणाला केलंय, तर मला. मुंबईच्या गिरणीत इंजिनखात्यात उमर घालवलेल्या माणसाला. माझे हात काळे आणि जीभ तिखट. मी नको म्हणत होतो. पण काकू म्हणाल्या, "दत्ताराम, तूच बोल. त्यांच्याशी सगळ्यात जास्त भांडलास तू." खरं आहे. भांडलो. सांभाळून घ्या.

अण्णांना जाऊन तेरा दिवस झाले. त्यांनी आपल्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, आणि पेन्शनीत निघाल्यावर रोज संध्याकाळी याच देवळाच्या मंडपात बसून वेदान्त सांगितला. ऐकायला किती जण? कधी सहा, कधी दोन. एकदा तर एक मी आणि एक देवळाचं कुत्रं. अण्णांनी तितक्याच मन लावून सांगितलं. कुत्रं शेवटपर्यंत जागं होतं, माझं काही सांगत नाही.

परवा मुंबईचा एक पाहुणा मला म्हणाला, "आता स्वराज्य आलं, धरणं बांधायचे, कारखाने काढायचे दिवस आले. त्यात आत्मा नि ब्रह्म घेऊन काय करायचं?" मी त्याला हसलो नाही. कसा हसेन? मीही हेच म्हणत होतो. माझं मत कसं फिरलं, तेवढंच आज सांगतो.

स्वराज्य आल्यावर चारेक वर्षांनी मी गिरणी सोडून नागावला आलो, आणि वाडीत ऑइल इंजिन बसवलं. तुमच्यातले कितीतरी जण बघायला आला होतात. नारळ कुणी फोडला? अण्णांनीच फोडला. त्याआधी आपल्या सगळ्यांच्या वाड्यांना पाणी रहाटाचं. बैल फिरायचा, गाडगी वर यायची. दुपारी बैल सोडायचा. अमावास्येला तर जुंपायचाच नाही. तेवढ्या वेळात विहीर पुन्हा भरायची. हे आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं, नुसतं चालत आलं होतं.

मी काय केलं? सकाळी इंजिन सुरू केलं की दिवेलागणीपर्यंत बंद नाही. माझी म्हातारी आई म्हणाली, "दत्तू, आज आवस हाय. बंद ठेव रं." मी म्हटलं, "आये, इंजन काय बैल हाय काय? त्याला दमायचं म्हाईत न्हाय!" केवढा अभिमान होता मला त्या वाक्याचा!

अण्णांची वाडी समुद्राच्या अंगाला, माझी तिच्या मागे. दुसऱ्या वर्षी चैत्रात काकूंची डाळ शिजेना. मग पोफळींचे शेंडे करपायला लागले. अण्णांची विहीर मचूळ झाली होती. साठीच्या काकू डोक्यावर हंडा घेऊन देवळाच्या विहिरीवर जायला लागल्या. माझ्या वाडीवरून जायच्या. मी बघत होतो. इंजिन चालू होतं.

एक दिवस अण्णा बांधावर आले. म्हणाले, "दत्तू, दुपारचं थोडं थांबवशील का रे?" चार माणसं बसली होती. चार माणसं असली की मला चेव येतो, हे तुम्ही जाणताच. मी म्हटलं, "अण्णा, विहीर माझी, इंजिन माझं. आणि तुम्हीच ना रोज सांगता, जग मिथ्या आहे? मग पाणी खारट काय नि गोड काय!"

सगळे हसले. अण्णा वळून घरी गेले. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात अण्णा परत आले. हातात तांब्या. माझ्यासमोर धरला.

"मिथ्या आहे ना? पी."

मंडळी, मी एक घोट घेतला आणि थुंकलो. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "मिथ्या हा शब्द आपल्या हावेला लावायचा असतो, दत्तू. दुसऱ्याच्या तहानेला नाही."

आणि माझ्याच विहिरीच्या कठड्यावर बसले. म्हणाले, "खाली पाणी एकच आहे. वर आपण कठडे बांधले, म्हणून ही तुझी नि ही माझी. तू इकडे उपसलंस, ती जागा भरायला समुद्र माझ्या अंगणाखालून आला. माझ्यानंतर तुझ्याकडे येईल. हा वेदान्त नव्हे हो, हा भूगोल आहे. वेदान्त एवढाच, की माझी विहीर बिघडली तेव्हाच तुझी बिघडली, हे तुला आज कळावं. तुझं पाणी खारट होईपर्यंत थांबावं लागू नये."

मी चिडून विचारलं, "मग काय, इंजिन विकून टाकू?"

"छे! विकायचं कशाला? बैल दमतो आणि आपल्याला थांबवतो. यंत्र दमत नाही. म्हणून 'पुरे' म्हणणारा आता आपल्या आत पाहिजे. पूर्वी नसला तरी चालून जायचं. आता नाही चालणार. तो आत आहे की नाही, हे बघायलाच मी मंडपात बसतो."

त्या मुंबईच्या पाहुण्याला माझं हेच उत्तर आहे. धरणं बांधा, कारखाने काढा, मी स्वतः मदतीला येतो. पण पुरे कोण म्हणणार, ते आधी ठरवा.

आता तुम्हाला वाटेल, दत्ताराम शहाणा झाला, दुसऱ्या दिवशी इंजिन थांबलं. कुठलं! आठ दिवस मी फुगून बसलो. नवव्या दिवशी काकू हंडा घेऊन चालल्या होत्या. मान वाकलेली. मला बघून थांबल्या नि रोजच्यासारखं विचारलं, "चहा झाला का रे दत्तू?" बस्स. मी आत गेलो आणि इंजिन बंद केलं. आईला तिथी विचारली तर म्हणाली, "आज आवसच हाय." तेव्हापासून इंजिन सकाळचे दोन तास चालतं आणि अमावास्येला बंद. मग माझं बघून गावात आणखी तिघांनी इंजिनं बसवली होती, त्यांनीही तेच धरलं. अण्णा कुणालाही सांगायला गेले नव्हते.

आता शेवटचं. हे काकूंनाही ठाऊक नाही.

अण्णा गेले त्याच्या आदल्या सकाळी मी उशाशी होतो. म्हणाले, "दत्तू, माझ्या विहिरीचं पाणी आण." मी जाऊन काढलं. चाखलं. पाच वर्षांत पुष्कळ निवळलं होतं, पण अजून मचूळच. कुंपणाशी उभा राहिलो. मग ते ओतून दिलं, माझ्या विहिरीचं भरलं आणि तेच अण्णांच्या तोंडाला लावलं. अण्णा प्याले. म्हणाले, "गोड झालं की रे." आणि डोळे मिटून हसले. मी म्हटलं, "व्हय अण्णा."

खोटं बोललो मी. मरणाऱ्या माणसाशी. तेव्हापासून हे घशात अडकलंय. मनाला समजावून बघितलं, की खाली पाणी एकच, मग खोटं कसलं? पण नाही. तसं म्हटलं तर मी परत त्याच बांधावर जाऊन पोचतो, अण्णांचाच वेदान्त अण्णांवर उगारायला. काकू, मला क्षमा करा.

मंडळी, त्या खांबापाशी हंडा ठेवलाय. अण्णांच्या विहिरीचं पाणी आहे, आज सकाळी मी स्वतः काढलेलं. आज चारही इंजिनं बंद आहेत. आता सगळे उभे राहू, घटकाभर गप्प राहू. आणि जाताना प्रत्येकाने त्यातलं ओंजळभर पाणी प्यावं. खारट लागेल. तो खारटपणा माझा आहे, पण प्या.

अण्णा, या दत्तूचा नमस्कार घ्या.